मामूंचा हात हलला तेव्हा

मामूंना जाऊन आता वर्ष होत आलं. अल्लाह त्यांची मगफिरत करो. घरात त्यांचं नाव निघालं की एक प्रश्न हमखास पुढे येतो. तो विचारते त्यांची लेक, आमची मामेबहीण. "अब्बा हाताने नको नको करत होते. तरी तो पोरगा दाबतच राहिला आणि तुम्ही सगळे बघत उभे राहिलात. शेवटी किती तकलीफ झाली असेल त्यांना?"

"अल्लाहची मर्जी" एवढ्या उत्तराने तिचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. म्हणून आम्ही घरातल्यांनी या वर्षभरात डॉक्टरांना विचारलं, इमामसाहेबांना विचारलं, मिळालं ते वाचलं. जे हाती लागलं ते इथे मांडतो आहोत, कारण असा प्रसंग कोणत्याही घरात, कोणत्याही मशिदीच्या पडवीत येऊ शकतो.

मालवण-आचरा रस्त्याला आमचं गाव. मासेमारी बंदीचे दिवस होते. होड्या वर ओढलेल्या, म्हणून माणसं गावातच. असरची जमात झाली. मामू पडवीत चपला घालता घालता खाली बसले आणि तसेच आडवे झाले. एकसष्ट वर्षांचे, कधी दवाखान्याची पायरी न चढलेले. घशातून मोठा घुर्र असा आवाज आला, मग थोडं थांबून परत एक. दोघातिघांनी लगेच ओळखलं, सकरात आहे. कोणी किब्ल्याकडे तोंड करायला पाय धरले, कोणी झमझमची बाटली आणायला मूल पिटाळलं. कलिमा सुरू झाला.

तेवढ्यात पलीकडच्या वाडीतला गाबिताचा एक पोरगा गर्दीत शिरला. तो तारकर्लीला स्कूबावाल्यांकडे काम करतो, तिथे त्यांना हे सारं शिकवलेलं असतं. त्याने मामूंच्या मानेला बोटं लावली, गुडघ्यांवर बसला, छातीच्या मधोमध एकावर एक तळहात ठेवले आणि दाबायला लागला. एकाला म्हणाला, १०८ लाव. दोनेक मिनिटांत बरगडी कट् करून वाजली. ते सगळ्यांनी ऐकलं. एक बुजुर्ग ओरडले, "अरे, मय्यतीचं हाड मोडतोस!" मागून कोणी तरी म्हणालं, "चादर आणा."

मग मामूंचा हात हलला. उजवा हात वर आला आणि पोराचं मनगट धरू लागला. डोळे अर्धे उघडले. त्यांची लेक मागच्या दारातून धावत आली ती नेमकी त्याच वेळी. "जिवंत आहेत, सोड, सोड त्यांना!" असा गलका झाला, दोघांनी पोराला मागे ओढलं. दहा सेकंदही झाली नसतील, हात खाली पडला, डोळे फिरले, ओठ काळे. पोरगा "थांबूक नको, थांबूक नको!" म्हणत परत बसला. दाबायला लागल्यावर काही वेळाने हात पुन्हा हलला. हे दोनदा झालं. गाडी आली तोवर वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. गाडीतल्या डॉक्टरांनी शॉक दिला, दुसऱ्या शॉकला नाडी लागली.

हात का हलला आणि थांबल्यावर का पडला, हे समजलं की बहिणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

आधी एक शब्दांचा घोळ. आपल्या वर्तमानपत्रांत सरसकट "हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन" असं छापतात. झटका म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबणं. अशा माणसाच्या छातीत दुखतं, घाम येतो, पण तो बोलत असतो, हृदय चालू असतं. हृदय थांबणं ही वेगळी गोष्ट. झटक्यामुळे ते थांबू शकतं, बुडाल्याने थांबतं, विजेच्या धक्क्याने थांबतं. पुष्कळदा ते अगदी निपचित होत नाही, नुसतं थरथरतं. पण थरथरणाऱ्या हृदयातून रक्त पुढे जात नाही. शॉकचं मशीन चालतं ते या थरथरीवर. उर्दू शायरीने सगळा कारभार दिलकडे सोपवलेला, मराठीने काळजाकडे. वर्गात दोन्ही भाषा शिकवताना आम्हांला याची गंमत वाटते, कारण इथे खरा घाईचा मामला दिमागाचा आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण प्राणवायू तो खातो वीस टक्के, आणि साठा करून ठेवत नाही. रक्त थांबलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. अर्ध्या मिनिटाच्या आत मेंदूची विजेची लाट यंत्रावर सपाट दिसू लागते. चार-पाच मिनिटांनंतर पेशींची नासाडी सुरू होते. मात्र मेंदूचा सगळ्यात खालचा, मानेजवळचा भाग थोडा जास्त चिवट असतो. ती घुर्र घुर्र तिथून येते. तो श्वास नव्हे. त्याने फुफ्फुसात पुरेशी हवा जात नाही. पण मेंदू पुरता विझलेला नाही याची ती खूण असते. आपण त्या आवाजाला सकरात समजतो आणि हात जोडून बसतो. डॉक्टरांच्या भाषेत माणूस हलत नाही, हाकेला ओ देत नाही आणि असे आचके देतो, म्हणजे हृदय थांबलं असं धरावं आणि दाबायला लागावं.

आता दाबल्याने काय होतं? गावातला जुना हातपंप आठवा. पहिल्या चार-सहा हापशांना नुसता खडखडाट. मग पाणी नळीत चढतं आणि धार लागते. हात थांबवला की पाणी खाली उतरतं, पुन्हा पहिल्यापासून हापसावं लागतं. छातीचं तसंच. पहिल्या काही दाबांत नसांमधला दाब वाढत जातो, मग मेंदूकडे रक्त सरकू लागतं. दहा सेकंद थांबलं की तो दाब कोसळतो. आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी लागते, कारण हृदयाच्या स्वतःच्या नसांत रक्त जातं ते त्या वर येण्याच्या क्षणी.

चांगल्या हातांनी दाबलं तरी नेहमीच्या पाव ते एक तृतीयांश एवढंच रक्त फिरतं. शंभर ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलीटर रक्त लागतं. ते २०च्या खाली गेलं की मेंदूचं कामकाज बंद पडत जातं, शुद्ध राहत नाही. १०च्या खाली गेलं की पेशीच मरायला लागतात. छाती दाबणारा माणूस मेंदूला या दोन रेषांच्या मध्ये धरून ठेवतो. माणूस बेशुद्ध, पण पेशी तग धरून. आणि दाबणारा तरणा असेल, हात नेमके पडत असतील, तर कधी कधी वरची रेषाही ओलांडली जाते. तेव्हा हृदय बंद असतानाही माणूस डोळे उघडतो, हात हलवतो, दाबणाऱ्याला ढकलतो. डॉक्टरांना हा प्रकार माहीत आहे. काही देशांत अशा वेळी रुग्णवाहिकेतले लोक गुंगीचं औषध देतात आणि दाबणं चालूच ठेवतात.

म्हणजे मामूंचा हात हलला तो त्यांच्या हृदयाच्या बळावर नव्हे, त्या पोराच्या खांद्यांच्या बळावर.

हे तंत्र फार जुनं नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कुवेनहोवेन नावाचे विजेचे इंजिनिअर कुत्र्यांच्या हृदयावर शॉकचे प्रयोग करत होते. त्यांच्या हाताखालच्या निकरबॉकर या तरुणाच्या लक्षात आलं की शॉकच्या जड थाळ्या छातीवर नुसत्या दाबल्या तरी रक्तदाबाची रेषा वर उचलते, अजून वीज सोडलेलीही नसते. जूड नावाच्या सर्जनने ते माणसांवर वापरलं. १९६०च्या जुलैमध्ये तिघांचा लेख आला. त्यात २० रुग्ण होते, १४ वाचले. तोवर हृदय थांबलं की छाती चिरून आत हात घालून चोळत. या तिघांनी लिहिलं की यापुढे दोन हात पुरेत.

मामूंना शॉकनंतर मोठ्या रुग्णालयात नेलं. तिसऱ्या दिवशी घशातली नळी काढली आणि ते बोलले. दीड दिवस बोलले. छाती ठेचल्यासारखी दुखते, खोकला आला की जीव जातो, असं म्हणत. ते ऐकूनच बहिणीच्या मनात तो काटा रुतला. पडवीतल्या गोष्टींपैकी त्यांना फारसं आठवत नव्हतं. पण दोन गोष्टी त्यांनी आपणहून सांगितल्या. कोणी तरी कलिमा पढत होतं. आणि कोणी तरी म्हणालं, चादर आणा. पाचव्या दिवशी पहाटे दुसरा झटका आला, त्यातून मात्र ते उठले नाहीत.

त्यांनी खरंच ऐकलं का? न्यूयॉर्कचे डॉक्टर सॅम पार्निया यांनी याच प्रश्नावर मोठा अभ्यास केला, तो २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमधल्या २५ रुग्णालयांत हृदय थांबलेले ५६७ रुग्ण. छाती दाबणं चालू असताना काहींच्या कपाळावर मेंदूतला प्राणवायू मोजणारं आणि डोक्यावर विजेच्या लाटा टिपणारं यंत्र लावलं, कानांत हेडफोन लावून तीन फळांची नावं पुन्हा पुन्हा ऐकवली. ५६७ पैकी ५३ जण बरे होऊन घरी गेले. त्यांतल्या २८ जणांशी बोलता आलं. ११ जणांनी त्या वेळचं काही ना काही आठवतं असं सांगितलं. फळांची नावं एकालाच सांगता आली. पण आम्ही थांबलो ते लाटांच्या आकड्यापाशी. काही रुग्णांत सपाट झालेल्या रेषेतून जाग्या माणसासारख्या लाटा पुन्हा उमटल्या, आणि त्या दाबायला लागून ३५ मिनिटं, कोणाच्या बाबतीत ६० मिनिटं झाल्यावरसुद्धा. ज्यांच्या लाटा उमटल्या त्यांनीच आठवणी सांगितल्या असं जुळलेलं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. काही लोक या अभ्यासावरून रूह, बरझख, अशा फार लांबच्या गोष्टी सिद्ध करायला जातात. आम्हांला ते पटत नाही. ईमान यंत्रावर टेकवायची गरज नाही. यंत्राने सांगितलं ते एवढंच की प्रेतासारखा दिसणारा माणूस त्या घडीला प्रेत असेलच असं नाही.

याच जागी इमामसाहेबांची गाठ पडली. ते हाड मोडण्याचं बुजुर्ग बोलले ते मनाचं नव्हतं. मय्यतीचं हाड मोडणं हे जिवंताचं हाड मोडण्यासारखंच, ही हदीस अबू दाऊद शरीफमध्ये आहे. इमामसाहेबांनी ती बाजूला सारली नाही. ते म्हणाले, ही हदीस मय्यतीबद्दल आहे, आधी मय्यत झाली का ते बघा. आपण कोकणातले बहुतेक शाफई. आपल्या फिकहच्या जुन्या किताबांत लिहिलेलं आहे की कफन-दफनाची घाई करणं चांगलं, पण जो अचानक गेला, जो बुडाला, त्याच्या बाबतीत मौत यकीनी होईपर्यंत थांबावं, कदाचित ती नुसती बेशुद्धी असेल. त्या काळी ना नाडी मोजायचं यंत्र होतं ना लाटा टिपायचं, तरी उलमांना हा शक पडला होता. आणि आपल्या काळात, १९८६च्या ऑक्टोबरमध्ये अम्मानला आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ठराव केला तोही त्यांनी समजावला. हृदय आणि श्वास पूर्ण बंद झाले आणि आता ते परतणार नाहीत असा डॉक्टरांनी निर्णय दिला, किंवा मेंदूचं सारं काम कायमचं थांबून तो नासायला लागल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं, म्हणजे माणूस शरीअतच्या दृष्टीने वारला. नुसतं हृदय थांबलं एवढ्यावर नाही. परतणार नाही हा निर्णयही हवा. पडवीतल्या गर्दीला तो देता येत नाही.

ठरावाची दुसरी बाजूही सांगायला हवी. डॉक्टर जेव्हा म्हणतात की आता बस, तेव्हा थांबणं म्हणजे जीव घेणं नव्हे. नव्वदीची दादी, महिनोन् महिने खाटेवर, कॅन्सरने पोखरलेली, तिच्या उशाशी यासीन पढत बसावं, तिच्या बरगड्यांवर कोणी बसू नये. आम्ही म्हणतोय ते चालत्या-बोलत्या माणसाबद्दल, जो अचानक कोसळतो.

स्त्रियांचा प्रश्न घरातल्या बायकांनीच काढला. आमच्यापैकी कोणी बाजारात पडली तर? परका पुरुष छातीला हात कसा लावील, आणि लावला तर लोक काय म्हणतील? इमामसाहेबांचं उत्तर एका वाक्याचं होतं. जीव जात असताना जरूरतीचा हुकूम लागू होतो, महरम शोधत बसायचं नसतं. आणि हात ठेवायचा असतो छातीच्या मधल्या हाडावर. कमीज, ओढणी काही काढावं लागत नाही, कपड्यावरूनही दाबता येतं. बायका-मुली हे शिकल्या तर प्रश्नच उरत नाही, असं आमची मोठी भावजय म्हणाली, आणि शिकली ती सगळ्यांच्या आधी.

भारतातल्या रिससिटेशन कौन्सिलने २०१७मध्ये सामान्य माणसासाठी सोपी पद्धत सांगितली. ओळखा, १०८ला कळवा, आणि गाडी येईपर्यंत नुसती छाती दाबा, तोंडाने श्वास द्यायची सक्ती नाही. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर आत जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दोन मिनिटांत चांगला गडीही दमतो, म्हणून दुसऱ्याने जागा घ्यावी, मध्ये खंड न पाडता. पण आपल्या किनाऱ्याला एक अपवाद जीव तोडून सांगायला हवा. बुडालेल्या माणसाचं हृदय थांबतं ते हवेवाचून. त्याच्या रक्तातला प्राणवायू आधीच संपलेला असतो. ते रक्त नुसतं फिरवून मेंदूला काय मिळणार? त्याला आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग दाबायचं, आणि मधून मधून श्वास देत राहायचं. पालथं घालून पोट दाबत पाणी काढत बसण्यात मिनिटं जातात. २०१७च्या एप्रिलमध्ये मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. २०२२च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. दर मोसमात असं काही ना काही होतं, आणि पाण्यातून काढलेल्या माणसाजवळ पहिल्यांदा पोचतो तो आपल्याच वाडीतला कोणी. डॉक्टर नंतर येतो.

शाळेत आठवी-नववीच्या मुलांना आम्ही हे शिकवायला घेतलं, तालुक्याच्या डॉक्टरांना बोलावून. पुतळा नव्हता, तर काथ्याची घट्ट उशी बांधली. मुलं उर्दूत मोजतात तेव्हा तीसनंतर अडखळतात, मराठीत मोजताना वेग पडतो, म्हणून शेवटी नुसतं एक-दो-तीन-चार परत परत. तो स्कूबावाला पोरगाही आला होता. किती दाबायचं ते मुलींनी विचारलं, तर म्हणाला, हात भरून येतील, रडू येईल, तरी दाबायचं. मामूंनी त्या दीड दिवसात त्याची चौकशी केली होती हे आम्ही त्याला सांगितलं. "पोरगा फार दमला असेल," असं म्हणाले होते. तो काही बोलला नाही, उशी परत बांधत बसला.

आणि बहिणीचा प्रश्न? तकलीफ झाली का, तर झाली असेल. आम्ही तिला नाही म्हणून सांगितलं नाही. ढकलणारा हात काही तरी जाणवणाऱ्या माणसाचा होता. पण जाणवण्याइतकं रक्त मेंदूत पोचत होतं, आणि त्याच रक्तावर तिला पुढे दीड दिवस बापाशी बोलायला मिळालं. त्यांनी तिच्याकडून कोणाकोणाचं देणं आहे ते लिहून घेतलं, धाकट्याच्या निकाहबद्दल सांगितलं, दोघांनी एकमेकांची माफी मागितली. तिला हे पटतं, मग रात्री परत पटत नाही. हल्ली ती हाताबद्दल कमी आणि चादरीबद्दल जास्त बोलते. ते शब्द कोणाचे होते हे आम्हांला ठाऊक आहे. भला माणूस आहे, गुस्लची सगळी कामं गावात तोच करतो, आणि त्या घडीला त्याने त्याच्या परीने खिदमतच करायला घेतली होती. नाव तिला सांगितलेलं नाही. कलिमा मात्र कोणी पढला ते तिने विचारून घेतलं, आणि ईदला त्यांच्या घरी जाऊन आली.

जमातीच्या बैठकीत एक विषय अजून लोंबकळतो आहे. शॉकचं छोटं मशीन मिळतं, एईडी म्हणतात. ते स्वतःच बोलून काय करायचं ते सांगतं, आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही. मशिदीच्या पडवीत एक असावं असं आमचं म्हणणं, गरज पडली तर ते सगळ्या वाडीला उपयोगी पडेल. काही जणांचं म्हणणं, आधी वजूखान्याची फरशी. फरशीही खरोखर फुटलेली आहे. गेल्या जुम्याला त्या बुजुर्गांनी, हाडाबद्दल ओरडले होते त्यांनी, मशीन ठेवायचं कपाट कुठे बसवायचं म्हणून भिंत मोजून पाहिली. कुलूप लावू नका, एवढंच म्हणाले.